मागचा माणूस

“त्या तंबूत रात्री आम्ही दोघंच होतो असं मला वाटत नाही,” नाश्त्याच्या टेबलावर सोलापूरचे निवृत्त हेडमास्तर सहलीतल्याच एका मावशींना हळूच सांगत होते. मी त्यांच्या पाठीमागं चहाच्या थर्मासपाशी उभी होते. मी तिथं आहे हे माणसं विसरतात. शाळेपासून मला त्याची सवय आहे.

मावशींनी ब्रेडला जॅम लावणं थांबवलं नाही. डॉक्टर घोरत असतील, असं म्हणाल्या.

“डॉक्टर बसून होते. दाराकडं तोंड करून, दार सताड उघडं टाकून. मी गारठ्यानं कुडकुडतोय म्हटल्यावर घोंगडी उचलली. मला वाटलं मला देतायत. तर ती त्यांनी तिसऱ्या, रिकाम्या कॉटवर पसरली.” हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. “मॅडमना सांगून मला दुसरा तंबू मिळतो का बघा.”

मी हेडमास्तरांना दुसरा तंबू मिळवून दिला. उरलेले दोन दिवस डॉक्टर एकटेच राहिले. म्हणजे आम्ही तसं म्हणत होतो.

ती सहल माझ्यावर सोपवली होती हे आजही मला खरं वाटत नाही. मी तुळजापुरात एका छोट्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात काम करत होते. मूळ धंदा भाविकांच्या गाड्यांचा. परदेशातल्या सहली मालकांनी हौसेनं सुरू केलेल्या. मी धाराशिवच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, एवढ्यावर त्यांनी मला अकरा माणसं घेऊन मंगोलियाला पाठवलं. इंग्रजी येणं आणि बोलता येणं यांत फरक असतो, हे मी मालकांना सांगितलं नाही. ते सांगायलाही बोलावंच लागलं असतं.

डॉक्टर त्या अकरांतले एक. ते खरे डॉक्टर नव्हते. बेंबळीचे, मेंढपाळाच्या घरातले, सरकारी नोकरीत पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर मोटारसायकलवरून गावोगाव जनावरांना लशी टोचल्या, म्हणून सगळा तालुका त्यांना डॉक्टर म्हणायचा. मी काका म्हणत असे. ते मला माय म्हणत.

पहिल्यांदा ऑफिसात आले तेव्हा भर उन्हाळा होता. ते खुर्चीच्या काठावर बसले आणि शेजारची खुर्ची जवळ ओढून तिच्यावर एक काळी, जाडीभरडी, घडी घातलेली घोंगडी ठेवली. मालकांनी दुबई-सिंगापूरची माहितीपत्रकं पुढं केली. डॉक्टरांनी ती उलटूनसुद्धा बघितली नाहीत.

“मेंढरं लई हायत आन् माणसं अजून त्यांच्या मागं चालत्यात, असा मुलूख कोणता ऱ्हायलाय?” त्यांनी विचारलं. राजस्थान झालं होतं, हिमाचल झालं होतं, लडाखही झालं होतं.

मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी काही न बोलता लॅपटॉप त्यांच्याकडं फिरवला. हिरवा माळ, पांढरे गोल तंबू, उतारावर पसरलेली मेंढरं. डॉक्टरांनी तोंड पडद्याच्या अगदी जवळ नेलं.

“ह्यांचे कान दिसत न्हाईत. मोठं करता येतंय का?”

कानांचं काय, ते मला नळदुर्गला कळलं. विमान हैदराबादहून होतं, आणि आमची गाडी हायवेच्या एका धाब्यावर चहाला थांबली होती. मेंढरांनी भरलेले दोन ट्रक तिथं उभे होते. डॉक्टर चहा टाकून ट्रकच्या चाकावर चढले, फळ्यांमधून हात घालून एकेक कान दोन बोटांत धरून बघू लागले, पाकिटावरचा पत्ता वाचावा तसे. ड्रायव्हर धावत आला. त्याला वाटलं, तपासणीचे साहेब आहेत. कागद दाखवू लागला. डॉक्टरांनी कागद बघितले नाहीत. पहिला ट्रक झाल्यावर उतरून दुसऱ्यावर चढले. मेंढपाळाच्या प्रत्येक घराची कानावर एक खूण असते, हे त्यांनी मला गाडीत बसल्यावर सांगितलं. त्यांच्या घरची खूण म्हणजे डाव्या कानाचं टोक मधोमध चिरलेलं आणि खालच्या कडेला एक खाच. पन्नासएक वर्षं ते दिसेल त्या कळपात ती शोधत होते. का, ते तेव्हा सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

जित्राबांचा किंवा माणसांचा आकडा त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. मेंढरं किती, म्हटलं की म्हणायचे, हायत. मुलं किती, हायत. नोकरीत लशीच्या रजिस्टरात आकडा भरावा लागे, तो ते गावच्या मास्तरांकडून लिहून घेत आणि स्वतः दुसरीकडं बघत. मी मात्र सहलभर मोजतच होते. ओढणीच्या आत बोटं मिटून, गाडीत चढताना, उतरताना, जेवताना. मावशी म्हणायच्या, मोजून मोजून आम्हाला कमी कराल हो मॅडम. डॉक्टर हसत नसत.

“जित्राबं वळखायची असत्यात माय. मोजायची न्हाईत,” ते एकदा म्हणाले. “मोजलं की कुणीतरी त्यात बसत न्हाय.”

गाडी निघायच्या आधी ते दरवेळी दाराकडं बघून विचारायचे, “आली का सगळी?” पहिल्या दिवशी सगळ्यांनी मिळून, आलो आलो, असा गलका केला. डॉक्टरांनी हात हलवून तो बाजूला सारला. तुम्ही नका सांगू, म्हणाले. मागचा सांगल. मग त्यांच्या शेजारच्या सीटवर घोंगडी ठेवलेली असायची आणि तिथं कुणी बसत नसे. बसू नका असं कुणी सांगितलेलं नव्हतं.

मंगोलियात पोचल्यावर राजधानीबाहेरच्या मोठ्या बाजारात आम्ही अर्धा दिवस होतो. लोखंडी कंटेनरांच्या रांगाच रांगा. त्यांत खोगिरं, जाड लोकरी बूट, विटांसारखा दाबलेला चहा, वाळलेल्या दह्याचे दगडासारखे तुकडे, लांडग्यांची कातडी. डॉक्टरांनी टोप्यांच्या दुकानात एक लोकरी टोपी मागितली. दुकानदारीणबाईंनी त्यांच्या डोक्याकडं बघून एक काढली, मग त्यांच्या खांद्यावरून मागं बघितलं आणि थोड्या मोठ्या मापाची आणखी एक काढून शेजारी ठेवली. मी इंग्रजीत सांगितलं, एकच हवी. बाईंनी पुन्हा मागं बघितलं, हसल्या, आणि दुसरी टोपी उचलून ठेवली. दुकानदार दोन वस्तू पुढं ठेवतातच, असं मी स्वतःला सांगितलं.

त्या दिवशी गाडीत चढताना मोजले तर बारा भरले. पुन्हा मोजले, अकरा. हेडमास्तर म्हणाले, मॅडम, गणित कच्चं दिसतंय. मी मान हलवली.

पर्यटकांसाठी माळावर उभ्या केलेल्या त्या गोल तंबूंना तिथं गेर म्हणतात. लाकडी जाळीची भिंत, वर लोकर दाबून केलेला जाड नमदा, मध्ये शेगडी. सगळ्यांची दारं दक्षिणेला. मावशींनी पहिल्याच संध्याकाळी मला बाजूला घेतलं. त्यांच्या म्हणण्यानं यमाच्या दिशेला दार असलेल्या घरात झोपणं हा काही सहलीचा भाग नव्हता. सगळ्या देशाची दारं तशीच आहेत, हे मी त्यांना कसंबसं सांगितलं. डॉक्टर जवळच उभे होते.

“बरं हाय की,” ते म्हणाले. “जाणारा त्याच वाटंनं गेला. येणाराबी त्याच वाटंनं यील.”

मावशी त्यानंतर त्यांच्याशी फारशा बोलल्या नाहीत.

तंबूंच्या मागच्या टेकड्यांत रानघोड्यांचं अभयारण्य होतं. आमची तिथली गाइड ओयुना, माझ्याच वयाची, भराभर इंग्रजी बोलणारी. तिनं सांगितलं की हे घोडे कधीच माणसाळले नाहीत, लांबूनच बघायचे. संध्याकाळचे आठ वाजले होते आणि ऊन तसंच होतं, पिवळं, एका जागी थांबलेलं. खाली ओढ्याजवळ घोडे चरत होते, बुटके, मातीच्या रंगाचे, आयाळ ताठ उभी. बाकीचे गाडीपाशीच थांबले. डॉक्टर उतारावर थोडे खाली गेले आणि मी त्यांच्या पाठोपाठ, कारण कुणी वेगळं झालं की त्याच्याबरोबर राहणं हे माझं काम होतं.

सगळ्या घोड्यांनी एकदम माना वर केल्या. ते आमच्याकडं बघत नव्हते. आमच्या वरच्या अंगाला, रिकाम्या उतारावर कुठंतरी बघत होते. मग त्या माना हळूहळू वळू लागल्या, सगळ्या एकसारख्या. उतारावरून कुणी सावकाश खाली येत असावं तशा. डॉक्टर उभे होते तिथं येऊन त्या थांबल्या. मी मागं बघितलं. गवत होतं.

वरून ओयुना ओरडली, लांडगा असेल. पण घोड्यांनी माना खाली घातल्या आणि पुन्हा चरायला लागले.

“लांडगा बघून कुणी चरतंय व्हय?” डॉक्टर म्हणाले आणि तिथंच एका दगडावर बसले. मग त्यांनी मला ते सांगितलं.

कळप चालतो तेव्हा एक माणूस पुढं असतो आणि एक मागं. मधे बायका, मुलं, घोड्यावर संसार. मागचा माणूस लंगडी मेंढी, नवं कोकरू, जे काही मागं राहील ते उचलून आणतो. संध्याकाळी जाळी लावून वाडा करतात. मेंढरं आत गेली की पुढचा माणूस वाड्याच्या तोंडाशी उभा राहून विचारतो, आली का सगळी? मागच्यानं सांगायचं, “आली. मागं कुणी न्हाय.” मगच वाड्याचं तोंड बांधायचं. हे फक्त मागच्यानं सांगायचं असतं, कारण पाठीमागचं त्यालाच दिसलेलं असतं.

त्यांच्या कळपाच्या मागं त्यांचा थोरला भाऊ चालायचा. त्याला ते दादा म्हणायचे. दादाला नुकत्याच मिशा फुटल्या होत्या. डॉक्टर तेव्हा दहा वर्षांचे. नळदुर्गच्या खाली, बोरी नदीच्या काठाला वाडा पडला होता. वडिलांनी दोनदा विचारलं, आली का सगळी? उत्तर आलं नाही. चुलीवर भाकरी झाल्या होत्या. वाडा बांधल्याशिवाय कुणी जेवत नसे. वडिलांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मेंढरांच्या मधून, आवाज जाड करून, डॉक्टरांनी उत्तर दिलं.

“भूक लागलीती,” ते म्हणाले, मी विचारलं असावं तसे.

वडिलांनी वाडा बांधला. दादा आला नाही. सकाळी अर्ध्या कोसावर बाभळीखाली नुकतीच व्यालेली मेंढी सापडली. कोकरू जिवंत होतं. त्याच्यावर दादाची घोंगडी पांघरलेली होती. दादा नव्हता. विहिरी बघितल्या, नदीत गळ टाकले, पोलीस आले. काहीच मिळालं नाही, म्हणून दिवसही घातले नाहीत. त्याच्या ताब्यातल्या काही मेंढ्याही नव्हत्या. त्या घेऊन तो रागानं कुठंतरी निघून गेला, असं आईनं मरेपर्यंत धरून ठेवलं. वडील पुढं रोज संध्याकाळी तोच प्रश्न विचारत राहिले, पण उत्तर द्यायला त्यांनी घरात सगळ्यांना बंदी केली. वाड्याचं तोंडही पुन्हा कधी बांधलं नाही. वडील गेले, तरी त्या घरात ते तसंच चालू होतं.

“मागं व्हता की तो,” डॉक्टर म्हणाले. “म्या न्हाय म्हनलो.”

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी चपलेत गेलेलं गवत काढत बसले. परत गाडीपाशी आलो, सगळे चढले आणि नेहमीप्रमाणं मी शेवटी चढले. डॉक्टरांनी विचारलं, आली का सगळी? मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, “आता तू मागची हायस माय. तू बघून सांगत जा.”

मी दार ओढून घेतलं आणि ड्रायव्हरला चला अशी खूण केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका खऱ्या मेंढपाळ कुटुंबाच्या गेरमध्ये गेलो. तिथं एक म्हातारी एकटीच होती. तोंडभर सुरकुत्या, निळा झगा, एका डोळ्यात फूल पडलेलं. डॉक्टर आधी आत आलेच नाहीत. ते बाहेर मेंढरांत शिरले होते. थोड्या वेळानं त्यांची हाक आली. मी गेले तर ते गुडघ्यांवर बसून एका मेंढीचा कान धरून होते. डाव्या कानाचं टोक मधोमध चिरलेलं. खाली एक खाच.

ओयुनानं म्हातारीला विचारलं. सासऱ्यांच्या वेळची खूण आहे, असं म्हातारी म्हणाली. ओयुना मला म्हणाली की अशी खूण तर कितीतरी घरांची असते. कान तो केवढा, त्यावर कापायच्या जागा कितीशा असणार? हे मी डॉक्टरांना सांगितलं, कारण ते सांगायला सोपं होतं. त्यांनी ऐकलं आणि मेंढीचा कान सोडला नाही.

आत सगळे भिंतीला लागून गोल बसले होते. म्हातारीनं मीठ घातलेला दुधाचा चहा वाडग्यांत ओतला. एकेकाच्या पुढं वाडगा ठेवत ती डॉक्टरांपर्यंत आली. एक त्यांच्या पुढं ठेवला आणि एक त्यांच्या शेजारी, घोंगडीपुढं. ओढणीखाली माझी बोटं मिटायला लागली होती. मी ती मांडीखाली दाबून धरली.

डॉक्टर दाराकडं तोंड करून बसले होते. दार त्यांनी उघडं ठेवलं होतं आणि वाऱ्यानं शेगडीचा धूर सगळ्यांच्या तोंडावर येत होता. म्हातारी त्यांच्याकडं बघून बराच वेळ काहीतरी बोलली. ओयुनानं भुवया उंचावल्या आणि मला इंग्रजीत सांगितलं, “आजी म्हणतायत, दार लावायला सांगा याला. ज्याची हा वाट बघतोय तो याच्या आधीच आत येऊन बसलाय. आता बाहेर कुणी नाही.”

ही तुमच्याकडची बोलायची पद्धत आहे का, मी विचारलं. ओयुनानं खांदे उडवले. तिला माहीत नव्हतं.

डॉक्टर माझ्याकडं बघत होते. “काय म्हनली?”

“वारा येतोय,” मी म्हणाले. “दार लावा म्हणतायत.”

त्यांनी उठून दार लावलं आणि पुन्हा त्याच्याकडंच तोंड करून बसले. निघताना घोंगडीपुढचा वाडगा भरलेला होता की रिकामा, ते मी बघितलं नाही. मावशींनी बघितलं असावं. हैदराबादला पोचेपर्यंत त्या डॉक्टरांच्या पुढच्या रांगेत बसायला तयार नव्हत्या.

ते वाक्य मी का गिळलं याची मी पुढं बरीच कारणं केली. म्हाताऱ्या माणसाला धक्का बसेल. बाकीचे हसतील. ओयुनानं चुकीचं सांगितलं असेल. खरं कारण यांतलं एकही नव्हतं. ते सांगितलं असतं तर डॉक्टरांनी पुढं विचारलं असतं, आणि मग मला सगळ्यांसमोर बोलत राहावं लागलं असतं. एवढ्यासाठी मी ते एका माणसापासून लपवलं, आणि तो माणूस पन्नास वर्षं तेवढंच ऐकायला फिरत होता.

हिवाळ्यात त्यांच्या सुनेचा ऑफिसात फोन आला. डॉक्टर अंगणात पाय घसरून पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि आता ते उठत नव्हते. मॅडमकडचे फोटो बघायचे म्हणतात, सून म्हणाली. मी एसटीनं बेंबळीला गेले.

त्यांची कॉट पडवीत, अंगणाच्या फाटकासमोर टाकली होती. पायथ्याशी घोंगडी. फाटक उघडं होतं, कडी गंजून एका जागी लोंबत होती. डॉक्टर निम्मे झाले होते. मी मोबाइलवर फोटो दाखवले. त्यांनी माणसांचे फोटो सरकवले आणि मेंढरांचे बोटांनी मोठे करून बघितले. मग मोबाइल परत दिला.

“ती म्हातारी लई बोललीती,” ते म्हणाले. “तू लई थोडं सांगितलंस.”

सून चहा घेऊन उंबऱ्यात उभी होती. माझे कान तापले.

“वारा येतोय, म्हणाल्या होत्या,” मी म्हणाले.

“व्हय,” ते म्हणाले, आणि डोळे मिटले.

मी चहा घेतला आणि शेवटची एसटी आहे म्हणून निघाले. फाटकाबाहेर अरुंद बोळ आहे. मी निम्म्यात असताना समोरून मेंढरं आली. डॉक्टरांचे चुलतभाऊ पुढं चालत होते. त्यांनी मला भिंतीला चिकटून उभं राहायला सांगितलं आणि ते फाटकातून आत गेले. मेंढरं माझ्या गुडघ्यांना घासत जात राहिली. धूळ, लोकरीचा ओला वास, आणि प्रत्येकीचा डावा कान टोकाला चिरलेला. माझी बोटं आपोआप मिटायला लागली. मी मूठ उघडली आणि तशीच उघडी ठेवली.

सगळ्यांच्या शेवटी कुत्रं आलं. ते बोळाच्या एका कडेनं सावकाश चालत होतं, तोंड वर करून, कुणाच्या तरी हाताशी चालावं तसं. माझ्यासमोरून जाताना त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. ते फाटकातून आत गेलं आणि पडवीच्या पायरीशी जाऊन, अजून वर बघतच, बसलं.

मी बोळाच्या दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. लिंबाच्या झाडापर्यंत रस्ता मोकळा होता. आतून डॉक्टरांचा आवाज आला, बारीक, पण नेहमीसारखाच.

“आली का सगळी?”

कुणी उत्तर दिलं नाही. चुलतभाऊ दावणीशी पाठ करून उभे राहिले. सून उंबऱ्यात तशीच थांबली. एसटीची वेळ होत आली होती. मी कुत्र्याच्या मागोमाग आत आले, दोन्ही हातांनी फाटक ओढलं, गंजलेली कडी जोर लावून बसवली, आणि त्यांच्याकडं वळून म्हणाले, “आली, काका. मागं कुणी न्हाय.”